झऱ्याच्या सिस्टर

बागेतला झरा दुपारी बारा ते तीन झोपतो, ही माहिती मला या गावात आले त्याच दिवशी मिळाली. शाळेत नोकरीवर रुजू व्हायला आले होते. माहेर श्रीगोंद्याकडचं, उसाच्या पट्ट्यातलं. आमच्याकडे पाणी पाटाला येतं आणि पाटानं जातं, ते झोपतंबिपतं असं कुणी म्हणत नाही. एसटीतून उतरले, एका हातात बॅग, दुसऱ्या हातात वळकटी, घसा कोरडा. स्टँडसमोर बाग दिसली म्हणून आत शिरले आणि दगडी कुंडाशी वाकून ओंजळ पुढे केली, तर मागून आवाज आला, "व्हिजिटिंग अवर्स संपले. पेशंट झोपलाय."

वळून पाहिलं तर पांढरं सुती पातळ, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, छातीवर उलटं टांगलेलं छोटं घड्याळ आणि हातात निरगुडीची फांदी. मला वाटलं, गावातली कुणीतरी वेडी असावी. तसं वाटणारी मी पहिली नव्हते. बाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, जीभ बाहेर काढायला लावली, कोरडी आहे म्हणाल्या आणि पिशवीतून बाटली काढून दिली. बाटलीत सकाळी भरून ठेवलेलं झऱ्याचंच पाणी होतं. कुठली, कुणाची, उतरणार कुठं, अशी चौकशी झाली आणि संध्याकाळपर्यंत मी त्यांची भाडेकरू झाले होते.

त्यांचं खरं नाव गावात कुणी घेत नसे. भाजीवालाही सिस्टर म्हणे आणि तहसीलदारही सिस्टर म्हणत. मिशनच्या दवाखान्यात त्यांचं उभं आयुष्य गेलं होतं. निम्मा तालुका त्यांच्या हातावर जन्मला होता आणि त्याचा त्यांना भलताच तोरा होता. भर बाजारात एखाद्या मिशीवाल्या बाप्याला थांबवून, तू पायाळू होतास, तुझ्या आईला लई छळलंस, असं त्या सगळ्यांदेखत सुनावत. तो बिचारा मान खाली घालून ऐकून घेई. डॉक्टर टिकेनात म्हणून दवाखाना बंद पडला, त्याला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. बाकीच्या नर्स नगरला, पुण्याला गेल्या. सिस्टर गेल्या नाहीत. लग्न केलेलं नव्हतं, मागंपुढं कुणी नव्हतं आणि रिकामं बसायची सवय नव्हती. घर बागेच्या कुंपणाला लागून होतं. मग त्यांनी झरा ॲडमिट करून घेतला.

त्यांना जाऊन आता वर्ष होईल. त्यांच्याविषयी लिहायला बसलं की आधी हसू येतं, आणि ते फार वेळ टिकत नाही.

बागेचे त्यांनी वॉर्ड पाडले होते. लिंबाखाली म्हातारे पत्ते कुटत बसायचे तो मेल वॉर्ड. उंबराच्या सावलीतला बाक म्हणजे मॅटर्निटी. तिथं गरोदर बाई आली की कॉलेजच्या पोरांनी उठायचं, हा कायदा होता. आणि मागच्या बाजूला, करवंदीच्या जाळीआड, जिथं कॉलेजातली जोडपी गुपचूप बसायची, त्या कोपऱ्याला त्या आयसोलेशन म्हणत. तिकडं स्वतः कधी जात नसत आणि दुसऱ्या कुणाला जाऊ देत नसत. एकदा एका पोरीचा बाप तावातावानं आत आला, तर त्याला त्यांनी मेल वॉर्डात बसवून त्याचं ब्लडप्रेशर तपासलं आणि ते इतकं सावकाश तपासलं की तोवर पोरगी घरी जाऊन पोळ्या लाटायला लागली होती.

रोज सकाळी उजाडल्यावर त्या झऱ्याची नाडी बघत. कुंडाच्या वरच्या अंगाला, दगडातल्या फटीतून पाणी यायचं. त्या फटीत दोन बोटं धरायची, दुसऱ्या हातानं छातीवरचं घड्याळ उचलायचं आणि ओठ न हलवता मोजायचं. मग निकाल. आज जरा अशक्त हाय. आज अंगात ताप वाटतो. पोळ्यानंतर कधी पाणी फुगून यायचं, तेव्हा म्हणत, आज डिस्चार्ज द्यायला हरकत न्हाई. मी सुरुवातीला हसायचे. पुढंपुढं शाळेत निघताना, आज कसा आहे, असं मीच विचारायला लागले. मला वाटतं, गावातल्या बऱ्याच जणांचं असंच झालं होतं.

घरमालकीण म्हणून त्यांचा जाच होता, नाही असं नाही. पिण्याचं पाणी घरात फक्त झऱ्याचं. नळाचं पाणी चुलीवर चढलं तर त्यांना वासावरून कळे आणि मग दोन दिवस अबोला. माझी आई एकदा राहायला आली, तिनं सवयीनं नळाखाली हंडा लावला. सिस्टरनी तिला काही म्हटलं नाही. बाहेरच्या बाहेर तिला झऱ्यावर घेऊन गेल्या, पाणी पाजलं आणि विचारलं, "सांगा बाई, पाटाचं पानी असं लागतं का?" आईनं प्रामाणिकपणे नाही म्हणून सांगितलं. त्यानंतर त्या दोघींचं इतकं जमलं की आई मला भेटायला येते की सिस्टरना, हे मला कळेनासं झालं.

बागेचा इतिहास मी त्यांच्याकडूनच ऐकला, आणि तो रोगांच्या क्रमानं ऐकला. प्लेगच्या वर्षी लोक गाव सोडून झऱ्याच्या आसऱ्याला राहायला आले आणि जाताना झाडं लावून गेले, ती ही बाग. पटकीच्या वर्षी कुंडाला कठडा झाला. नारूच्या वर्षी कुंडात उतरायच्या पायऱ्या बुजवल्या. बाहत्तरच्या दुष्काळात त्या नर्सिंग शिकत होत्या. गावच्या विहिरी आटल्या, पण झरा करंगळीएवढा का होईना, वाहत राहिला. घागरींची रांग पार पेठेपर्यंत जायची आणि रांगेत भांडणं नकोत म्हणून मिशनच्या पोरींना उभं करायचे. त्या सांगत, तेव्हापासून त्याची न् माझी ओळख.

एक गोष्ट मात्र त्या क्वचितच बोलत. त्यांच्या आजीला या कुंडाला हात लावता येत नव्हता. ख्रिस्ती होण्याआधी नाही आणि झाल्यावरही बरीच वर्षं नाही. कुंडातून ओसंडलेलं पाणी खालच्या पाटात यायचं, तिथं जनावरं प्यायची आणि त्याच्याही खाली आजीची घागर. मी तेव्हा वयानं लहान होते, मला राहवलं नाही. म्हटलं, एवढं असून तुम्ही याच झऱ्याची सेवा करता? त्यांनी माझ्याकडे जरा नवलानं पाहिलं आणि म्हणाल्या, "झऱ्यानं कुठं अडवलं हुतं? मानसांनी अडवलं."

कुंडाच्या कडेला शेंदूर लावलेले सात दगड होते, साती आसरा. पाण्यातल्या बाया. बाळंतपणानंतर गावातल्या बायका त्यांना हिरव्या बांगड्या आणि दहीभात वाहायच्या. सिस्टर रविवारी न चुकता चर्चला जात, बायबल उशाशी ठेवत, आणि रोज सकाळी या सात दगडांवरून स्वच्छ पाणी ओतत. पाळकांनी एकदा हळूच विषय काढला. त्यावर त्यांनी सांगितलं, शेजारणी आहेत, आंघोळ घालायला कुठं धर्म लागतो? पाळकही त्यांच्याच हातावर जन्मलेले, ते काय बोलणार.

या आसरांचा एक नियम होता आणि सगळं गाव तो पाळायचं. चैत्रात, जत्रेच्या आधी, झऱ्याचा उपसा व्हायचा. कुंडातलं पाणी काढून टाकायचं, तळाचा गाळ उचलायचा, फटीतला कचरा साफ करायचा. हे सगळं हातानं. लाकडी खोरी, बांबूच्या पाट्या, नारळाच्या करवंट्या, पितळेची भांडी चालायची. लोखंड चालायचं नाही. आसरांना लोखंड सोसत नाही, त्या रुसतात आणि जातात, असं होतं. उपशाचं पुढारपण गुरवआळीतल्या आबांकडे. आबा म्हणजे सिस्टरच्याच वयाचा काटकुळा माणूस, बोलणं कमी. ते बाहेर उभे राहून बायकांच्या हातातल्या लोखंडी बांगडीपर्यंत सगळं तपासायचे. सिस्टर त्यांना चिडवायच्या, म्हणायच्या, आबा, तुमच्या आसरांना धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन ठेवते. आबा हसायचे. त्या दोघांची मैत्री अशीच होती, वर्षातून एकदा गुडघाभर चिखलात उभं राहून चालणारी.

मग नळाला पाइपलाइननं धरणाचं पाणी रोज यायला लागलं. घरोघर जारचं थंड पाणी आलं. जामखेड रोडला नव्या वसाहती झाल्या, प्रत्येक बंगल्यात बोअर झाला. मीही तोवर नोकरीत कायम झाले होते, लग्न झालं होतं, तिथंच आमचंही घर झालं. बागेची रया गेली ती कुणाच्या लक्षातही आली नाही. फाटकाचा एक दरवाजा गेला, मग दुसरा गेला. मेल वॉर्डातले म्हातारे एकेक करून संपले आणि त्यांच्या जागी संध्याकाळी बाटल्या घेऊन माणसं बसायला लागली. सिस्टर निरगुडीची फांदी घेऊन त्यांच्यामागे लागायच्या आणि सकाळी त्यांच्या काचा वेचायच्या. उपशाला आधी सगळ्या आळ्यांतून माणूस यायचं. पुढं आबा, सिस्टर, मी आणि जुनी जाणती पाचसहा घरं, एवढेच उरलो. झराही बारीक होत चालला होता. सकाळी नाडी बघून सिस्टर निकाल सांगायच्या ना, तो हळूहळू बंद झाला. मी विचारलं की म्हणायच्या, वयच झालं त्याचं.

गावाची नगरपंचायत झाली आणि आमच्या वॉर्डातून माझाच एक जुना विद्यार्थी निवडून आला. संदीप. वर्गात असताना बोलघेवडा, मनानं चांगला. त्यानं बागेच्या सुशोभीकरणाचा प्रस्ताव मंजूर करून आणला आणि पहिल्यांदा सिस्टरकडे पेढे घेऊन आला, कारण तोही त्यांच्याच हातावरचा. चालायला ट्रॅक, मुलांना घसरगुंडी, बायकांना व्यायामाची यंत्रं. सिस्टरनी सगळं ऐकलं आणि विचारलं, झऱ्याचं काय? संदीप जरा घुटमळला. नकाशात दोन बाजू होत्या. झरा वाहता असेल तर कुंड आहे तसं ठेवून भोवती दगडी काम करायचं. वाहता नसेल तर कुंड बुजवून त्याच्यावर कारंजं. नगरहून इंजिनिअर येऊन बघणार आणि ठरवणार. कधी? जत्रा झाली की लगेच.

त्या पंधरवड्यात सिस्टर जेवल्या असतील की नाही, मला शंका आहे. झऱ्याला तेव्हा धार म्हणावी अशी धारच नव्हती, दगड नुसता ओला असायचा. ओल्या दगडावर कुठला इंजिनिअर शेरा देणार होता? त्या रोज फटीपुढं बसून बोटांनी चाचपायच्या. एक दिवस माझा हात धरून त्यांनी तो फटीत घातला. आत बोटाला काहीतरी जाड, गाठाळ लागलं. उंबराची मुळी होती. फटीत शिरून फुगून बसलेली, भोवती चुनखडी धरलेली. सिस्टरच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी जुना तोरा दिसला. "गाठ हाय, टीचर," त्या म्हणाल्या. "ऑपरेशन करावं लागंल."

उपशाच्या दिवशी, संदीपनं बोलावल्यामुळे, बऱ्याच वर्षांनी गर्दी जमली. गाळ निघाला, कुंड रिकामं झालं, मुळी स्पष्ट दिसायला लागली. हातानं ती निघेना. लाकडी पाचर ठोकून पाहिली, पाचर मोडली. आबा कठड्यावर बसून होते. ते म्हणाले, राहू द्या, त्याचं ते वाट काढील. सिस्टर म्हणाल्या, इंजिनिअर थांबत नाही तोवर. ठेकेदाराच्या माणसांची पहार तिथंच भिंतीला टेकवून ठेवलेली होती. सगळ्यांची नजर त्या पहारीवर होती, पण कुणी हात लावेना. संदीपनं दोन गड्यांना सांगून पाहिलं, गडी मागं सरकले. जी माणसं स्वतःच्या बंगल्यात दगड फोडत पाताळापर्यंत बोअर घेऊन बसली होती, तीसुद्धा आसरांच्या नावानं मागं सरकली.

मग गर्दीतून कुणीतरी बोललं, "सिस्टरनी लावली तर? त्या ख्रिस्ताव हायेत. त्यांना न्हाई बाधत."

कुणालाच हे वावगं वाटलं नाही. उलट सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. व्हय व्हय, त्यांना न्हाई बाधत, असं एकानं म्हटलं, दुसऱ्यानं म्हटलं. नियम आपल्यासाठी आहे, त्यांच्यासाठी नाही. म्हणजे नियमही राहिला आणि कामही झालं. सिस्टरनी आबांकडे पाहिलं. आबांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मी पुढं होऊन सिस्टरना म्हणाले, तुमच्यानं उचलणार नाही, वय बघा. त्यांनी पदर खोचला, कॅनव्हासचे बूट काढून कठड्यावर नीट ठेवले, कुंडात उतरल्या आणि पहार घेतली. पहिल्या घावाला काही झालं नाही. त्या मुळीशी काहीतरी पुटपुटल्या, दवाखान्यात बाळंतिणीला सांगत असतील तसं. मग पुन्हा पहार घातली आणि अंगाचा भार देऊन दाबली.

मुळी तुटली आणि पाणी आलं. करंगळीएवढं नाही, मनगटाएवढं. सिस्टर मागच्या मागं कुंडात बसल्या, पाणी त्यांच्या छातीवर आदळत होतं आणि त्या लहान मुलीसारख्या मोठमोठ्यानं रडत होत्या. बायांनी हळदकुंकू आणलं. संदीपनं मोबाईलवर सगळं टिपलं. आबासुद्धा कुंडात उतरले आणि त्यांनी सिस्टरना हात देऊन उठवलं. इंजिनिअर आले तेव्हा कुंड काठोकाठ भरलेलं होतं. त्यांनी बूट भिजवले, पाणी पिऊन पाहिलं, कुंड ठेवायचं असा निर्णय दिला आणि गेले. सिस्टरनी त्या दिवशी आख्ख्या आळीला शिरा वाटला. इतक्या आनंदात मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतर तर नाहीच.

वैशाखाच्या मध्यावर धार पुन्हा करंगळीएवढी झाली. मग दोऱ्याएवढी. पाऊस बेताचाच झाला, पण झाला. झऱ्याला त्याचा काही फरक पडला नाही. भाद्रपदात गौरी आल्या तेव्हा फटीतला दगड कोरडा होता. सिस्टर तरीही रोज जाऊन कोरड्या फटीत बोटं धरून बसायच्या. मी एकदा सकाळी त्यांच्याबरोबर गेले होते. त्यांनी घड्याळ उचललंच नाही. माझ्या खांद्याला धरून उठल्या आणि घरी आल्या.

तोंडावर त्यांना कुणी काही बोललं नाही. आमचं गाव तसं सभ्य आहे. पण गिरणीत दळण टाकायला गेले की मी ऐकायचे. लोखंड लागलं. आसरा गेल्या. आणि मग आवाज खाली करून, ख्रिस्तावाच्या हातानं लागलं ना. त्याच तोंडांनी, ज्यांनी चैत्रात सांगितलं होतं की त्यांना बाधत नाही. मला इतका संताप यायचा की एकदा मी दळण तसंच टाकून घरी आले. सिस्टरच्या कानावर हे जाणारच होतं, गेलं. त्या एवढंच म्हणाल्या की खरं आहे, पहार मीच घातली.

पुढच्या चैत्रात मी सिस्टरकडे गेले होते, तेव्हा आबा त्यांच्या दारात आले. आत आले नाहीत. "औंदा उपसा न्हाई," म्हणाले आणि टोपी नीट करून परत गेले. सिस्टर दारातच उभ्या होत्या. मी आत बोलावलं तेव्हा म्हणाल्या, "बरं झालं सांगाय आले. न्हाईतर मी पाट्या काढून बसले असते."

बाग मात्र झाली, आणि छान झाली, हे मला कबूल केलं पाहिजे. ट्रॅक झाला, दिवे झाले, माणसं सकाळ-संध्याकाळ चालायला येऊ लागली, बायका तर घरातलं आवरून टोळीनं येतात. कुंडाला काळ्या दगडाचं सुरेख काम केलं. कागदावर झरा वाहता होता, त्यामुळे तो वाहता दिसणं भाग होतं. ठेकेदारानं बागेच्या कोपऱ्यात बोअर घेतला, पाइप दगडाच्या मागून फटीपर्यंत आणला आणि बटण दाबलं की फटीतून पाणी यायला लागलं. उद्घाटनाला मोठे पाहुणे आले. सिस्टरना पुढच्या रांगेत बसवलं, शाल आणि नारळ दिला आणि संदीपनं आग्रह केला म्हणून दोन शब्द बोलायला उभं केलं. त्यांनी माइक हातात घेतला आणि फटीतून पडणाऱ्या पाण्याकडे जरा वेळ पाहिलं.

"पेशंटला नळी लावलेली हाय," त्या म्हणाल्या. "नातेवाइकांनी गर्दी करू नये."

लोक खळखळून हसले. सिस्टर नेहमीसारखी गंमत करतायत असं त्यांना वाटलं. टाळ्याही झाल्या. त्या जागेवर येऊन बसल्या आणि शालीची घडी घालत राहिल्या.

त्यानंतर व्हिजिटिंग अवर्स संपले. दुपारी कुणीही कुंडात पाय सोडून बसायचं, त्या अडवत नसत. आसरांच्या दगडांना फरशीत बसवून टाकलं होतं, त्यांच्यावर पाणी ओतायला त्या जायच्या, पण मान वर करून फटीकडे बघत नसत. पुण्याला गेलेली दवाखान्यातली एक जुनी नर्स तिकडं घेऊन जाते म्हणत होती, गेल्या नाहीत. तब्येत उतरली. माझ्याशी बोलायच्या, पण झऱ्याचा विषय निघाला की उठून आत जायच्या. मला ते बघवत नव्हतं.

म्हणून राहुरीहून पाण्याचे एक जाणकार आमच्या शाळेत व्याख्यानाला आले, तेव्हा मी त्यांना हट्टानं बागेत नेलं. त्यांनी सगळं नीट पाहिलं, भोवतालच्या वसाहतींतून पायी हिंडून आले, चार ठिकाणी बोअरची खोली विचारली. मग त्यांनी मला सोप्या भाषेत सांगितलं. झऱ्याला ज्या थरातून पाणी यायचं, तो थर या बोअरनी चहूबाजूंनी उपसून रिकामा केला. पहारीनं फारतर तोंड मोकळं झालं आणि उरलंसुरलं पाणी एकदम बाहेर आलं. पहार घातली नसती तरी झरा वर्ष-दोन वर्षांत जाणारच होता. मी त्यांना पुन्हा पुन्हा विचारून खात्री करून घेतली.

तिथून मी जवळजवळ धावतच सिस्टरकडे गेले. त्या ओट्यावर सूप घेऊन ज्वारी निवडत होत्या. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. तुमची काही चूक नाही. पहारीनं काही झालेलं नाही. बोअरमुळे गेला, बंगल्यांतल्या, आमच्या घराच्यासुद्धा. मी या गृहस्थांना पुन्हा बोलावते, गावासमोर उभं करते, लोकांना ऐकू दे. मला वाटलं होतं, त्यांच्या जिवावरचं ओझं उतरेल. त्या डॉक्टरांचं ऐकावं तसं शांतपणे ऐकत होत्या. माझं झाल्यावर त्यांनी विचारलं, "म्हंजे सगळ्यांनीच घालवला?"

मी हो म्हटलं.

"मग कुनीच न्हाई घालवला," त्या म्हणाल्या.

सूप मांडीवरून खाली ठेवलं. "टीचर, दवाखान्यात मानूस गेलं की आमी पहिलं काय इचारायचो? बरोबर कोन हाय. कोन असलं तर ते रडायचं, भांडायचं, तुमीच मारलं म्हनायचं. आमी ऐकून घ्यायचो. पन काहींबरोबर कुनीच नसायचं. त्याला चादर घालून मागच्या खोलीत ठेवायचं, गाडी यायची, घिऊन जायची. बेवारस. त्यांच्यासाठी कुनी भांडत न्हाई, का रडत न्हाई. लई पाठवलीत मी तशी."

मी काहीतरी बोलायला गेले. त्यांनी हातानं थांबवलं.

"तू गावाला सांगशील. गावाला बरं वाटंल. घरी जातील, मोटर चालू करतील. आता निदान माझ्याकडं बघून त्यांना आठवतं तरी, हितं झरा हुता, बाईनं मारला. राहू दी. पहार माझ्या नावावर राहू दी. त्याला बेवारस न्हाई जाऊ द्यायचं."

त्या होत्या तोवर मी कुणाला काही सांगितलं नाही. त्यांच्या मातीला सगळं गाव आलं होतं, आबाही आले होते, आणि कबरस्तानातून परतताना माझ्यापुढं चालणारी दोन माणसं हळू आवाजात बोलत होती की बाई चांगली होती, फक्त झऱ्याचं तेवढं वाईट झालं. आता जिल्ह्याचं नावसुद्धा अहिल्यानगर झालंय, बागेत येणारी लहान मुलं कुंडाला कारंजं म्हणतात आणि सकाळी मोटर लागायला उशीर झाला की त्यांच्या आया नगरपंचायतीला फोन करतात. सिस्टरचं नावही यांच्या लक्षात राहायचं नाही. म्हणून हे लिहिलं. आमच्या घरच्या बोअरला अजून पाणी आहे, रोज टाकी भरते. झऱ्याबरोबर कोण आहे, असं कुणी विचारलं, तर आता मी आहे.